लेओकादियाच्या चुका

लेओकादिया कालसिनाला रेडिओवर घेतलं ते तिला काही येत होतं म्हणून नाही. ज्यांना येत होतं त्या यायला तयार नव्हत्या, म्हणून.

हिस्काउमा गावचं आमचं रेडिओ केंद्र म्हणजे सरोवराच्या वरच्या अंगाला दोन खोल्या, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे आणि छपरावर तारांनी ताणून उभा केलेला खांब. माणसं दोनच. शाळेतून निवृत्त झालेले तेओदोरो मास्तर बोलायचे आणि मी बटणं सांभाळायचे. बातम्या, कुणाच्या कळपातली लामा हरवली, कुणाचं बारसं कधी, असं आमचं बरं चाललं होतं. मग शहरातल्या एका संस्थेचं पत्र आलं. तुमच्या आयमारा जमातीतल्या स्त्रियांचं पारंपरिक ज्ञान रोज पहाटे अर्धा तास प्रसारित करा, आम्ही तुम्हाला नवं यंत्र देतो. मास्तरांनी पत्र पुरतं वाचायच्या आधीच होकार कळवला आणि मग ज्ञान शोधायला निघाले.

पहिल्यांदा ते बासिलियाकडे गेले. बासिलिया तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. पंचक्रोशीत बियाणं, माती, लोकर, आजार काहीही असो, शेवटचा शब्द तिचा. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला आविचा म्हणतात, पण नुसतं 'आविचा' म्हटलं की हिस्काउमात सगळ्यांना तीच आठवायची. दारात बसून टकळी फिरवत होती.

"आविचा, रेडिओवर बोलायला या," मास्तर म्हणाले.

"कोणाशी बोलू?"

"सगळ्यांशी."

"सगळ्यांशी बोलायला मी काय कोंबडा आहे?" टकळी थांबली नाही. "आणि बावीस वर्षं सुनेला सांगतेय ते ती ऐकत नाही. तेच आता सगळ्या सरोवराला फुकट सांगू?"

दुसऱ्या एका आविचाने सांगितलं, घराबाहेर गेलेला आवाज परत येताना आजार घेऊन येतो. तिसरीने आत जाऊन दार लावलं. मास्तर अकरा घरं फिरले आणि अकरा वाट्या सूप पिऊन रिकाम्या हाताने परत आले.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना गुरुवारच्या बाजारात त्यांना लेओकादियाचा आवाज ऐकू आला. ती पाव विकायची. चौकाच्या एका टोकाला तिने हाक दिली की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. मास्तरांनी तिच्याकडून चार पाव घेतले आणि तिथेच तिला आमच्या आज्यांच्या ज्ञानाची प्रतिनिधी करून टाकलं.

"मास्तर, मला त्यातलं काही येत नाही हो," ती म्हणाली. खरं तेच म्हणाली. अकराव्या वर्षी तिला ताक्ना शहरात एका घरी कामाला धाडलं होतं. एकवीस वर्षांनी ती परत आली ती आईच्या, सेफेरिनाच्या, मातीला. मग इथेच राहिली. कॉलरला खळ कशी द्यायची, सात प्रकारचे गोड पदार्थ कसे करायचे, पाहुण्यांसमोर कुठल्या बाजूने ताट ठेवायचं, हे तिला येत होतं. बटाट्याच्या वाफ्यात मात्र ती पाहुण्यासारखी उभी राहायची.

"तू आयमारा आहेस, बाई आहेस आणि आवाज आहे," मास्तर म्हणाले. "बाकी कोण तपासतंय?"

कार्यक्रम साडेपाचला सुरू व्हायचा, चुली पेटायच्या वेळी. जून महिना होता, आमच्याकडे कडाक्याच्या थंडीचा, म्हणून पहिला विषय चुन्यो. बटाटा गोठवून, तुडवून, वाळवून केलेल्या त्या काळ्या खड्यांवाचून आमच्याकडे कुणाचं वर्ष निघत नाही. लेओकादिया माइकसमोर ताठ बसली आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली, "बायांनो, रात्री बटाटे गवतावर पसरा. पहाटे ते दगडासारखे झाले, की लगेच अनवाणी पायांनी तुडवा. उशीर करू नका. आमच्या आज्या असंच करत आल्यात."

मला हसू फुटलं. मास्तरांनी डोळे वटारले. त्यांनी आयुष्यभर फळ्यावर बटाटे मोजले होते. ते तुडवायचं काम त्यांची बायको करायची.

दुसऱ्या दिवशी लेओकादिया बियाण्याबद्दल सांगत होती. तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारावरचा लाल दिवा म्हणजे आत येऊ नका, हे बासिलियाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तासभर चालत आली होती. घागरा दंवाने गुडघ्यापर्यंत भिजला होता. ती सरळ टेबलापाशी गेली.

"तू सेफेरिनाची पोर ना?"

"हो, आविचा."

"तुझी आई गोठलेल्या बटाट्यावर नाचायची?"

लेओकादिया माइकपासून मागे सरकली.

"बोल की! काल तर फार बोलत होतीस. दगडासारखा झाला की तुडवा म्हणे! पायाची बोटं मोडतील, बटाट्याला काही होणार नाही. ऊन वर यायला लागतं. बटाटा घामाघूम व्हायला लागतो. मग पाय. आणि एका रात्रीत? तीन रात्री, इमिल्या, तीन!" इमिल्या म्हणजे पोरगी, लेओकादिया तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. "ताक्नाच्या मालकिणीच्या बर्फाच्या कपाटात होत असेल एका रात्रीत. आमच्याकडे आभाळाला सवड लागते."

माझं बोट प्रसारण बंद करायच्या बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. मुद्दाम का, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगते, चुकून.

पाव तास झोडपून झाल्यावर बासिलियाचा राग उतरला. तिने लेओकादियाची टोपी सरळ केली आणि जाताना आम्हाला बजावलं, "हे कुणाला सांगू नका हं. उगाच पोरीची अब्रू जायची."

परतीच्या वाटेवर तिला प्रत्येक दारातून हाक आली. कुणी म्हणालं, आविचा, तीन रात्री ना? कुणी म्हणालं, आविचा, आभाळाला सवड लागते ना? प्रकरण काय आहे ते तिला घरी पोचेपर्यंत कळलं, आणि ती भयंकर संतापली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा हजर झाली. सणाची टोपी घालून.

पण त्या दिवशी तिला बोलायला मिळालंच नाही. सरोवराच्या पलीकडून फेलिपा नावाची म्हातारी पहिल्या होडीने आली होती, आणि तिचं म्हणणं असं की तीन रात्री लागतात त्या आळशांना. त्यांच्या बाजूला दोन पुरतात. मग फोन वाजायला लागला. मास्तरांनी अकरा घरांत मागून जे मिळालं नव्हतं ते आता दारात रांग लावून उभं होतं. कुणालाही शिकवायचं नव्हतं. प्रत्येकीला फक्त आदल्या दिवशीचं दुरुस्त करायचं होतं.

मास्तर हवेत होते. लेओकादिया नव्हती. बाजारात आता तिला पाव कितीचा असं कुणी विचारत नसे. "लेओकादिया, पाव भाजायच्या आधी खायचा की नंतर?" "लेओकादिया, गाय कुठल्या बाजूने पिळतात गं?" आठवड्याभरात ती एकदा आमच्या सामानाच्या खोलीत तारांच्या भेंडोळ्यांवर बसून रडली.

"मला येत नाही हे एकट्या माझ्या मनाला ठाऊक होतं तेच बरं होतं," ती मला म्हणाली. "आता सरोवरापलीकडे कोपाकाबानापर्यंत ठाऊक झालं. मला कुणी शिकवलंच नाही गं. ज्या वयात शिकवतात त्या वयात मी दुसऱ्यांच्या पोरांची दुपटी धूत होते."

"मग सोडतेस?"

"उद्यापासून येणार नाही."

बाहेर पडली तर बासिलिया पायरीवर बसलेली. तिने लेओकादियाचे लाल डोळे पाहिले आणि पाहिले नाहीत असं केलं. "उद्या तू खायच्या मातीबद्दल बोल," ती म्हणाली. "कडू बटाटा पोटाला बाधू नये म्हणून त्याबरोबर कुठल्या टेकडीची घ्यायची ते तुला नक्की माहीत नसणार."

"नाही माहीत, आविचा."

"छान. मी लवकर येते."

आणि लेओकादिया आली.

दोन वर्षं हे असं चाललं. कार्यक्रम संपला की ती त्या दिवशी ज्या आविचाने फैलावर घेतलं तिच्याबरोबर तिच्या घरी जायची आणि जे ऐकलं ते हाताने करून बघायची. पाय सुजवून घेतले, हात रंगात बुडवून निळे केले, एकदा चुकीची माती खाऊन दोन दिवस आडवी झाली. तिला रागावायला कुणी ना कुणी रोज असायचं. एकदा ती मला म्हणाली, "आई असती तर तिनेही असंच धारेवर धरलं असतं. फक्त रेडिओवर नाही."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चूक करायच्या आधी ती माझ्याकडे बघायला लागली होती. आधी तिच्या चुका अज्ञानातून यायच्या. आता त्या अभ्यासातून येत होत्या. ओका कंद उन्हात ठेवून गोड करतात हे शेंबडं पोरही सांगेल. लेओकादियाने सांगितलं, सावलीत ठेवा, आणि डोळे मिटून शांत बसली. फोन लगेच वाजला. कोण बोलली माहीत आहे? एका मळ्यातली वाळीत टाकल्यासारखी राहणारी विधवा, जी चार वर्षांत कुणाशी बोलली नव्हती. ती कार्यक्रम संपेपर्यंत बोलली. ओका उन्हात ठेवायच्या चार तऱ्हा तिने सांगितल्या. त्यातल्या दोन बासिलियालाही ठाऊक नव्हत्या. बासिलियाने ते मान्य केलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तिच्या अंगणात ओका वेगळ्या पद्धतीने मांडलेले मी पाहिले.

मग शहरातून इंजिनिअरबाई आली. योवाना तिचं नाव. तिची आजी आयमारा होती आणि ती स्वतः भाषांतर ऐकायचं यंत्र कानाला लावून बसायची. अंगात चौदा खिशांचं जाकीट. तिने दोन वर्षांच्या ध्वनिफिती नेल्या, तपासल्या आणि महिन्याभराने येऊन गंभीरपणे म्हणाली, "मास्तर, या कार्यक्रमात तुमच्या निवेदिकेच्या अडुसष्ट चुका आहेत."

"फक्त?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"लोकांपर्यंत चुकीचं ज्ञान जातंय. हे थांबायला हवं."

ते थांबलं. यापुढे लिखित मजकूर शहरातून तपासून यायचा आणि लेओकादियाने तो जसाच्या तसा वाचायचा. मजकुरात खरोखर एक चूक नसे. पाच महिने तिने तो वाचला. पाच महिने फोन वाजला नाही. पायरीवर कुणी बसलं नाही. लेओकादिया एकदा वाटेत बासिलियाला भेटली.

"आविचा, येत नाही तुम्ही हल्ली?"

"आता चांगली बोलतेस तू," बासिलिया म्हणाली. "मी रेडिओच लावत नाही."

त्यानंतर संस्थेने पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लेओकादियाचा टोपीतला फोटो, वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या आज्यांचं ज्ञान'. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वाटली. ध्वनिफिती उतरवून घ्यायचं काम शहरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी दिलं होतं, आणि त्याच्यापर्यंत इंजिनिअरबाईची चुकांची यादी पोचली नव्हती. त्याने निवेदिकेचं प्रत्येक वाक्य निष्ठेने उतरवलं होतं, आणि मधे जिथे दार आपटलं, काठी वाजली, तीन-तीन बायका एकदम बोलल्या, तिथे कंसात एकच शब्द लिहिला होता.

हे आम्हाला कळलं ते बासिलियाच्या पणतीमुळे. शाळेत प्रश्न आला, चुन्योचा बटाटा कधी तुडवावा? पोरीने लिहिलं, ऊन वर आल्यावर. बाईंनी पुस्तिका उघडून दाखवली आणि शून्य दिलं.

बासिलिया त्या दिवशी घागरा भिजवत आली नाही. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. लेओकादिया तपासलेला मजकूर वाचत होती. बासिलियाने पुस्तिका त्या कागदांवर आपटली.

"वाच."

लेओकादियाने वाचलं. "पहाटे ते दगडासारखे झाले, की लगेच अनवाणी पायांनी तुडवा."

"हे कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं होतं, आविचा."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

लेओकादियाने बोट ओळीवरून पुढे नेलं. "गोंगाट."

"काय?"

"तुम्ही बोललात तिथे 'गोंगाट' लिहिलंय."

"सगळीकडे?"

तिने पानं उलटली. "हो. फेलिपा आविचा पण गोंगाट. ती ओकावाली पण."

बासिलियाने पुस्तिका मिटली. मग माझ्याकडे वळली. "ए बटणवाली, हे बाहेर ऐकू जातंय का?"

"जातंय, आविचा."

"बरं." ती खुर्ची ओढून बसली, सणाची टोपी काढून मांडीवर ठेवली. "इमिल्या, पहिल्या पानापासून वाच. गोंगाट आला की थांब. मी बघते."

सबंध हिवाळाभर आम्ही ती पुस्तिका वाचली. रोज एक पान. पायरीवर पुन्हा जागा पुरेना. होड्या भरून यायला लागल्या. ज्या पूर्वी दारं लावून बसल्या होत्या त्याही आल्या, कारण एकदा छापून आलेली चूक ऐकून घरात बसणं कुणालाच जमेना. तपासलेला मजकूर शहरातून येतच राहिला. मास्तर तो चूल पेटवायला घरी न्यायचे.

संस्थेने आपल्या अहवालात लिहिलं की पुस्तिकेवर समाजात व्यापक चर्चा घडून आली. ते खोटं म्हणता येणार नाही. इंजिनिअरबाई योवाना स्वतः लेओकादियाला प्रमाणपत्र द्यायला आली. पारंपरिक ज्ञानाची जिवंत वाहक, असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. मग इतर केंद्रांवरच्या बायकांना अचूक निवेदन शिकवायला लेओकादियाला आठवडाभर पुनोला बोलावलं. तिथे तिने काय शिकवलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. पण त्या वर्षी आसपासच्या तीन केंद्रांवरच्या बायकांना अचानक काही येईनासं झालं, आणि तिथल्या म्हाताऱ्या पहाटे घराबाहेर पडायला लागल्या.

बासिलिया पुढची पाच वर्षं येत राहिली. शेवटी शेवटी मोटारसायकलवर बसणं जमेना, तेव्हा लेओकादिया तिला हाताला धरून आणायची. वाटेत तीन ठिकाणी बसून. बोलणं पूर्वीसारखंच खणखणीत, फक्त मधेच एखादं नाव हरवायचं आणि मग ती काठी आपटून ते शोधायची.

त्या पाचव्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विषय होता येत्या पेरणीचा अंदाज. लेओकादियाने सुरुवात केली. "बायांनो, ऑगस्टात कोल्हा ओरडतो, त्यावरून..." आणि नेहमीसारखी माझ्याकडे बघून तोंड उघडणार, एवढ्यात बासिलियाने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. हे मी सांगते. तू घोळ घालशील."

ती माइकजवळ सरकली. "कोल्ह्याचा आवाज मोकळा आला, लांबपर्यंत गेला, की समजायचं वर्ष चांगलं. आणि घसा दाटल्यासारखा, अडकत अडकत ओरडला, की दुष्काळ. बियाणं राखून ठेवायचं. माझी आजी सांगायची."

हे उलटं होतं. आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही सांगतं, कोल्हा अडकत ओरडला तर त्याच्या तोंडात बटाटा आहे, म्हणजे पीक भरघोस. मोकळा ओरडला तर त्याचं तोंड रिकामं, आणि आपलंही. पोरांना झोपवताना आम्ही तो आवाज काढून दाखवतो. बासिलियाने स्वतः माझ्या लेकीला काढून दाखवला होता.

मी लेओकादियाकडे पाहिलं. तिचे ओठ अर्धवट उघडे होते. आता तिला येत होतं. त्या खोलीत त्या घडीला तिच्याइतकं कुणालाच येत नसेल. पायरीवर चौघीजणी बसल्या होत्या. खिडकीतून मला त्यांच्या टोप्या दिसत होत्या. एकही टोपी हलली नाही.

"आणखी सांगा, आविचा," लेओकादिया म्हणाली.

बासिलियाने आणखी सांगितलं. बराच वेळ. बरोबर, चूक, एकात एक मिसळून. मी फोनकडे बघत होते. सगळ्या सरोवराच्या काठाने चुली पेटलेल्या होत्या, प्रत्येक चुलीशी रेडिओ होता, आणि फोन वाजला नाही. फेलिपाने केला नाही. ओकावाल्या विधवेने केला नाही. सुनेने, जी बावीस वर्षं ऐकत नव्हती म्हणे, तिनेही केला नाही.

सहा वाजता मी संगीत लावलं. बासिलिया पाणी प्यायली आणि तिने फोनकडे काठी रोखली.

"आज कुणीच कसं भांडलं नाही? हे बिघडलंय का?"

"हो, आविचा," मी म्हणाले. "कालपासून बंद आहे."

"मग दुरुस्त करून घ्या की. एवढ्या लांबून येते मी." तिने लेओकादियाच्या दंडाला धरलं. "आणि तू गं, आज एकदाही चुकली नाहीस. आजारी आहेस का?"

"थोडी कणकण आहे," लेओकादिया म्हणाली आणि बासिलियाच्या पाठीवरच्या फडक्याची गाठ नीट बांधून दिली.

दोघी उतारावरून हळूहळू गेल्या. पायरीवरच्या चौघी उठून बाजूला झाल्या, मग अंतर ठेवून मागोमाग निघाल्या. त्या महिन्यात कोल्हा दोन्ही तऱ्हांनी ओरडला, आणि बटाटा मध्यम आला.